उणे २७ अंशांत चार मुले: एका हिवाळी मुक्कामाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

दोन कुटुंबे, चार मोठी माणसे, चार मुले. पहिल्या कुटुंबात बारा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. दुसऱ्यात आठ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. पहिल्या कुटुंबाने आधीही मुलांसह बर्फात रात्री काढल्या होत्या. दुसऱ्याला तंबूची चांगली सवय होती, पण कडाक्याच्या थंडीचा अनुभव नव्हता. शनिवारी दुपारी पोहोचायचे, एक रात्र राहायचे आणि रविवारी दुपारपर्यंत परतायचे, असा साधा बेत होता.

मुक्कामाची जागा जंगलातल्या एका गोठलेल्या तळ्याच्या काठी, गाड्या लावल्या तिथून तीन किलोमीटरवर होती. वाट सपाट होती, बर्फ दाबून घट्ट झालेला होता. सामान आणि लागलीच तर धाकटी मुलगी ओढून न्यायला दोन स्लेज होत्या.

मी ही हकिगत दोन्ही कुटुंबांकडून वेगवेगळी ऐकली, मुलांकडूनही ऐकली. ओळख पटेल असे सगळे तपशील काढून टाकले आहेत. या चौघांना निष्काळजी म्हणता येणार नाही. त्यांनी बऱ्याच गोष्टी मन लावून केल्या होत्या आणि त्या रात्री काही निर्णय फार चांगले घेतले. तरीही दोन मुले धोक्याच्या अगदी जवळ गेली, आणि दोघांच्याही बाबतीत मोठ्यांना ते उशिरा कळले.

तयारी

शुक्रवारी संध्याकाळचा अंदाज रात्रीच्या किमान तापमानाचा होता: उणे १८ अंश. शनिवारी सकाळी तो बदलून उणे २३ झाला. बदल सगळ्यांनी पाहिला. "पाच अंशांनी काय होतंय" असे कोणी म्हटले नाही, पण त्या पाच अंशांसाठी सामानात काहीही वाढवलेही नाही. सामान उणे १८ चेच राहिले.

कपड्यांची तयारी चांगली होती. अंगाला लागून लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर फ्लीस, सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट. सुती कपडा एकही नव्हता. मुलांना बोटाबोटांचे हातमोजे न देता चारही बोटे एकत्र राहतील असे मिटन दिले होते, म्हणजे बोटे एकमेकांना ऊब देतात. जास्तीच्या मिटनची जोडी मात्र फक्त पहिल्या कुटुंबाच्या मुलांकडे होती.

झोपण्याच्या सामानात खरी तफावत होती. पहिल्या कुटुंबाकडे प्रत्येकी दोन मॅट होत्या: खाली फोमची, वर हवेची. दुसऱ्या कुटुंबाच्याही फोमच्या मॅट होत्या, पण स्लेज भरल्यावर त्या बसेनात. "हवेच्या आहेतच की" म्हणून त्या गाडीतच ठेवल्या गेल्या. मुलांची घसरण्याची फळी आणि बर्फाची फावडी मात्र स्लेजवर चढली. आठ वर्षांच्या मुलाच्या स्लीपिंग बॅगवर मोठ्या अक्षरात उणे १५ छापलेले होते. तो आकडा आरामात झोप लागण्याचा आहे की कसाबसा जीव तगवण्याचा, हे त्यावर लिहिलेले नव्हते.

स्टोव्ह दोन होते. एक द्रव इंधनावरचा, दुसरा गॅसच्या डब्यावरचा.

अडचण कशी उभी राहिली

दीड वाजता मंडळी पोहोचली. ऊन होते, वारा नव्हता, मुले खुशीत होती. मोठी माणसे बर्फ तुडवून जागा सपाट करण्यात आणि तंबू उभारण्यात गुंतली. मुले काठावरच्या उतारावरून घसरत होती आणि बर्फाची भिंत रचत होती. दोन तास अंगमेहनतीचे झाले. अंगात घाम आला, मिटनमध्ये बर्फ शिरला, तो वितळला आणि आतले अस्तर ओले झाले. आठ वर्षांच्या मुलाच्या बुटातही वरून बर्फ गेला होता. चौघे मोठे कामात असल्याने मुलांवर नजर सगळ्यांचीच होती, म्हणजे नेमकी कोणाचीच नव्हती.

पावणेचारला तो मुलगा खेळ सोडून स्लेजवर जाऊन बसला. आईने विचारले, "थंडी वाजतेय का रे?"

"नाही."

"भूक लागलीय?"

"नाही."

दमला असेल, असे तिला वाटले. ते खोटेही नव्हते. पण दोन तास बर्फात लोळणारे मूल एकदम गप्प होऊन खायलाही नको म्हणते, हे थंडीतले फार मोलाचे लक्षण आहे. शरीर गारठू लागले की माणूस चिडतो, अडखळतो, हातातल्या वस्तू पाडतो, शब्द जड होतात. लहान मुलांमध्ये याची सुरुवात पुष्कळदा नुसत्या गप्प बसण्याने होते. शिवाय त्यांची ऊब पटकन जाते. वजनाच्या मानाने त्यांची त्वचा जास्त असते, म्हणून पातेल्याआधी वाटीतले पाणी निवावे तशी ती मोठ्यांच्या आधी गारठतात. धावत असताना हे कळत नाही. थांबले की दहा-पंधरा मिनिटांत चित्र पालटते.

त्याच वेळी नऊ वर्षांचा मुलगा सगळ्यांना भंडावून सोडत होता. पाय गार पडलेत, मोजे ओले झालेत, खायला द्या, जेवण कधी आहे. कुरकुरीला कंटाळून त्याच्या वडिलांनी त्याचे मोजे बदलले, कोरडे मिटन चढवले, खाऊ दिला. त्या रात्री चार मुलांपैकी या एकाला काहीही त्रास झाला नाही.

पहिला निर्णय: दुपारी चार

चार वाजता तापमान उणे १७ होते आणि तळ्यावरून वारा सुटला होता. पहिल्या कुटुंबातल्या वडिलांनी विषय काढला: "अजून अर्धा-पाऊण तास उजेड आहे. निघायचं का?"

चर्चा पाचेक मिनिटे झाली. राहण्याच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच होते. तंबू उभे होते, मुले कितीतरी दिवस या मुक्कामाची वाट बघत होती, सगळे आवरायला तासभर गेला असता आणि परतीची वाट अंधारातच झाली असती. शेवटी प्रश्न असा मांडला गेला की, आपल्याला ही रात्र काढता येईल का? चौघांनाही वाटले, येईल.

माझ्या मते चूक प्रश्नातच होती. मुले बरोबर असताना विचारायचे ते हे, की रात्री काही बिघडले तर इथून निघता येईल का? या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच्या तेव्हा नकारार्थी आले असते. अंधार, उणे २० च्या खालचे तापमान, दमलेली चार मुले, दोन स्लेज आणि तीन किलोमीटर. चार वाजता निघणे कंटाळवाणे होते, रात्री निघणे धोक्याचे ठरणार होते. मधला सगळा वेळ दार हळूहळू बंद होत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या पाच मिनिटांत कोणी काही मोजले नाही. मॅट किती, कोरडे मोजे किती, कोणाचे मिटन ओले, कोणता स्टोव्ह चालतो. हे हाताने तपासले असते तर दहा मिनिटे लागली असती आणि चर्चा अंदाजावर न होता वस्तूंवर झाली असती.

संध्याकाळ

गॅसचा स्टोव्ह पेटला, थोडा वेळ फुरफुरला आणि मरगळला. यात नवल नव्हते. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाच्या खाली द्रवच राहतो, आयसोब्यूटेनची मर्यादा उणे १२ च्या आसपास आहे. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायुरूप होतो, पण डब्यातल्या या वायूंच्या मिश्रणात त्याचा वाटा थोडा असतो आणि तोच आधी जळून जातो. म्हणजे आठ जणांचे जेवण, प्यायचे पाणी आणि झोपताना बॅगेत घ्यायच्या गरम पाण्याच्या बाटल्या हे सगळे बर्फ वितळवून एकाच स्टोव्हवर करायचे होते. सहाचे जेवण साडेसातला झाले. बाटल्या आठ हव्या होत्या, तीन भरल्या.

सव्वाआठला आईने तंबूत मुलाचे बूट काढले. मोजा ओला होता आणि पुढच्या टोकाला कडक झाला होता. उजव्या पायाची दोन बोटे पांढरट, मेणासारखी दिसत होती. दाबल्यावर खालचा भाग मऊ लागत होता. तो म्हणाला, "आई, आता बोटं दुखत नाहीयेत."

या वाक्यावर आईला धोका कळला, याचे श्रेय तिला द्यायलाच हवे. गार पडलेली बोटे दुखत असतात तोवर तिथे रक्त पोहोचत असते. उपाय न करता दुखणे थांबले तर त्वचा गोठू लागल्याची शंका घ्यावी. तिने चोळले नाही. बर्फ लावला नाही, स्टोव्हजवळही धरले नाही, कारण बधिर त्वचेला भाजल्याचे कळत नाही. वडिलांनी जाकीट वर करून त्याचे दोन्ही तळवे आपल्या उघड्या पोटाला लावले आणि वरून स्लीपिंग बॅग ओढली. वीसेक मिनिटांत बोटे लाल झाली आणि मुलगा दुखते म्हणून मोठ्याने रडू लागला. ते रडणे ऐकून शेजारच्या तंबूतल्या सगळ्यांच्या जिवात जीव आला.

मूल मात्र अजून थरथरत होते. बाहेर उणे २४ होते आणि वारा वाढला होता. कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून वापरात असलेल्या सूत्राप्रमाणे उणे २० अंश हवा आणि ताशी २० किलोमीटर वारा एकत्र आले की उघड्या त्वचेला उणे ३० सारखी थंडी लागते. तशा थंडीत उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते.

दुसरा निर्णय: रात्री पावणेनऊ

चौघे मोठ्या तंबूत जमले. त्यांच्या समोरचे पर्याय त्यांनी मला सांगितले त्याच क्रमाने देतो आहे, कारण क्रमही बोलका आहे.

सर्वांत आधी कोणीतरी म्हणाले, स्टोव्ह आत आणू. थंडीत हा विचार सगळ्यांच्याच मनात येतो, म्हणून यावर थांबायला हवे. बंद तंबूत स्टोव्ह जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही लक्षणे दमणुकीचीच वाटतात, आणि झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत. मुलांचा श्वास भराभर चालतो म्हणून त्यांच्यावर परिणाम लवकर होतो. शिवाय आगीचा धोका वेगळाच. बाहेर धुराडे नेलेली खास शेगडी आणि त्यासाठी बनवलेला तंबू असता तर गोष्ट निराळी होती. पहिल्या आईने एका वाक्यात हा पर्याय मोडीत काढला आणि पुन्हा तो विषय निघाला नाही.

दुसरा पर्याय, सगळ्यांनी गाड्यांकडे जाण्याचा. दुसऱ्या आईचा याकडे ठाम ओढा होता. अडचण अशी की ऊब देऊन परत आणलेली बोटे पुन्हा गोठली तर पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त इजा होते. मुलाला चालवता येणार नव्हते. स्लेजवर बसवले तर हालचाल नाही, म्हणजे ऊबही तयार होणार नाही. पाच वर्षांची मुलगीही झोपेला आलेली. थंडीने बॅटरीची ताकद घटल्यामुळे गाड्या सुरू होतील याचीही खात्री नव्हती. पण गाडीपर्यंत पोहोचले तर फोमच्या मॅट आणि वाऱ्यापासून आडोसा नक्की होता.

तिसरा, एका वडिलांनी फक्त त्या मुलाला घेऊन निघायचे. हा लगेच बाजूला पडला. एका मोठ्या माणसाने अंधारात एक आजारी मूल ओढत न्यायचे आणि वाटेत त्यालाच काही झाले तर मागच्यांना कळणारही नाही. शिवाय मागे उरलेल्यांचे हात कमी झाले असते.

चौथा, बाहेर मोठी शेकोटी करून रात्र जागवायची. सरपण गोळा करायला अंधारात हिंडावे लागले असते, आणि शेकोटीसमोर पुढचा भाग भाजतो तेव्हा पाठ गोठते.

पाचवा, जिथे आहोत तिथेच राहून झोपण्याची रचना बदलायची. मदत पथकाला बोलावण्याचाही विषय निघाला. तळ्यावर थोडे पुढे गेल्यावर फोनला सिग्नल मिळत होता. मुलगा शुद्धीत होता, नीट बोलत होता, गरम पेय गिळत होता, त्यामुळे तो पर्याय राखून ठेवला.

त्यांनी राहायचे ठरवले, पण बिनशर्त नाही. गरम पेय आणि कोरड्या बॅगेनंतर अर्ध्या तासात थरथर थांबली नाही, किंवा बोटे पुन्हा बधिर झाली, किंवा बोलणे जडावले, तर आधी फोन करायचा आणि दोन्ही लहान मुलांना स्लेजवर बॅगेसकट गुंडाळून सगळ्यांनी एकत्र निघायचे. अट मोठ्याने बोलली गेली आणि चौघांनी मान्य केली. रात्री थकलेल्या मेंदूला नव्याने वाद घालायला लागू नये, यासाठी हे आधीच ठरवणे फार महत्त्वाचे होते. हा त्या रात्रीचा सर्वांत चांगला निर्णय मानावा लागेल.

काय केले

पहिल्या वडिलांनी तळ्यावर जाऊन घरच्या एका नातेवाइकाला निरोप पाठवला: इथेच थांबतोय, उद्या अकरापर्यंत आमचा निरोप आला नाही तर मदत मागव.

मोठ्या तंबूत चारही मुले आणि दुसऱ्या कुटुंबातले आईवडील; लहान तंबूत पहिल्या कुटुंबातले आईवडील. मॅट पुन्हा वाटल्या गेल्या. मॅटची थंडी अडवण्याची क्षमता आर-मूल्यात सांगतात आणि एकावर एक ठेवल्या की मूल्यांची बेरीज होते. म्हणून आठ वर्षांच्या मुलाखाली आणि पाच वर्षांच्या मुलीखाली दुसरा थर हवा होता. पहिल्या आईवडिलांनी आपली एक फोमची मॅट दिली. दुसरी बारा वर्षांच्या मुलीने दिली. कोणी मागितली नव्हती. "मला एक पुरते" म्हणून तिने आपली काढली. मोठ्यांना तिचे कौतुक वाटले आणि मॅट घेतली गेली. तिची जागा तंबूच्या कडेला, बाहेरच्या कापडाला लागून होती.

मुलाच्या बॅगेचा पायाकडचा रिकामा भाग दुमडून दोरीने बांधला, कारण रिकामी जागा मुलालाच तापवावी लागते. कोरडे मोजे, टोपी, पायाशी मोज्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, पोटात तुपकट आणि गोड खाणे. धाकटी आईच्याच बॅगेत शिरली. थोड्या वेळापूर्वी रडणारा मुलगा अर्ध्या तासाच्या आत शांत झोपला. थरथर थांबली होती, आणि बोटे उबदार होती म्हणून ती थांबणे चांगले होते. बोटे, मान गार असताना थरथर थांबली असती तर तो घाईने निघण्याचा इशारा ठरला असता.

दर तासाला गजर लावून दोन्ही वडिलांनी आळीपाळीने तपासणी केली. आठ वर्षांच्या मुलाच्या पायाला हात लावून, पाच वर्षांच्या मुलीच्या मानेला हात लावून. नऊ वर्षांचा घोरत होता. बारा वर्षांच्या मुलीकडे बॅटरीचा उजेड टाकून पाहिले गेले: झोपली आहे.

ती झोपली नव्हती. एकपासून तिला बाहेर जाऊन यायचे होते. बाहेर उणे २७ होते, झोपलेल्यांना ओलांडून जावे लागले असते, आणि शेजारी तिची स्वतःची आई नव्हती. दोनच्या सुमारास पाठीखालून गारवा चढायला लागला. ती मला म्हणाली, "काकूंना कशाला उठवायचं, त्यांचं सगळं लक्ष त्याच्याकडे होतं." एकदा तपासणीच्या वेळी काकांनी हळूच विचारलेही होते, "ठीक आहेस ना?" ती हो म्हणाली होती.

चारला तिने बॅगेची चेन उघडायचा प्रयत्न केला आणि बोटांत चेन धरता येईना. तेव्हा तिने काकूंना हाक मारली. काकू सांगतात, तिचे शब्द सावकाश येत होते आणि ती एकच वाक्य दोनदा बोलली.

पुढचे सगळे त्यांनी नेमके केले. तिच्या आईला हाक मारली, आडोशाला नेऊन आणले, टोपी बदलली, थर्मासमधले उरलेले गरम गोड पेय घोटाघोटाने दिले आणि तिला दोन मोठ्यांच्या मध्ये, दोन मॅटवर घेतले. तिच्या आईने आपली बॅग तिच्यावर पांघरली. आधी ती जोरात थरथरू लागली, मग चाळीसेक मिनिटांनी स्थिरावली. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. तिचे तापमान कोणी मोजलेले नव्हते, पण जड बोटे आणि अडखळते बोलणे ही त्याच्या सुरुवातीच्या टप्प्याशी जुळणारी लक्षणे होती.

परिणाम

उजाडल्यावर स्वयंपाकाच्या भानगडीत न पडता सगळे निघाले. गरम पाणी आणि कोरडा खाऊ एवढेच. आठ वर्षांचा मुलगा बॅगेसकट स्लेजवर, पायाशी बाटली, आणि दर दहा मिनिटांनी थांबून बोटांना हात लावून पाहणे. तासाभरात गाड्या गाठल्या. एक गाडी सुरू झाली नाही, दुसरीच्या बॅटरीवरून तिला जोर द्यावा लागला. नातेवाइकाला निरोप वेळेत गेला.

त्याच दुपारी मुलाला डॉक्टरांना दाखवले. हिमदंश, म्हणजे त्वचा गोठल्याची इजा, वरवरचा होता. एका बोटाच्या टोकाची कातडी पुढे सोलून निघाली, आणि तो हिवाळा संपेपर्यंत ती बोटे थंडीला चटकन दुखायची. मुलगी दिवसभर झोपली आणि संध्याकाळी ठीक होती.

वेगळे काय करता आले असते

एका मोठ्या माणसाला मुलांखेरीज दुसरे कामच नको होते. तंबू दोघांनी उभारले असते तर अर्धा तास जास्त लागला असता, एवढाच फरक. ज्याच्याकडे फक्त मुले आहेत त्याने खेळ थांबताच, घाम अंगावर थंड व्हायच्या आत, मोजे आणि मिटन बदलले असते. बुटात हात घातला असता तरी सगळे कळले असते. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बदल आहे.

मुलांना विचारून भागत नाही. "थंडी वाजतेय का?" याचे उत्तर खेळात असलेले मूल नाही देते, घरी परत नेतील या भीतीने नाही देते, आणि समजूतदार मूल इतरांना त्रास नको म्हणून नाही देते. विचारण्याऐवजी तपासावे. मानेखाली हात घालावा, बोटे हातात घ्यावीत, अंगठा करंगळीला टेकवून दाखवायला सांगावे. तो टेकत नसेल तर हात कामातून गेला आहे. आणि ही तपासणी सर्व मुलांची, क्रमाने, जागे करून. अर्धवट झोपेत चिडलेले मूल परवडते. त्या रात्री तपासणी प्रामाणिकपणे झाली, पण ज्याच्यावर संकट येऊन गेले होते त्याच्याभोवतीच ती फिरत राहिली. ज्या मुलीकडून मॅट काढून घेतली, तिची जोखीम त्याच क्षणी वाढली होती आणि तिचे नाव यादीत सर्वांत वर यायला हवे होते. मोठ्या मुलांच्या समजूतदारपणाचा थंडीत वापर करून घेऊ नये. कडेची जागा आणि एक मॅट एखाद्या मोठ्या माणसाने घ्यायची. आणि तिच्या शेजारी तिचीच आई किंवा वडील असते, तर तिने रात्री एकलाच हाक मारली असती असे तीच सांगते.

जागेबद्दल. निरभ्र, शांत रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि खोलगट जागी साठते. तळ्याचा काठ हा त्या भागातला सर्वांत खालचा आणि वाऱ्याला उघडा भाग होता. उतारावर थोडे वर, झाडांच्या आडोशाला तंबू लावले असते तर काही अंश वाचले असते आणि वारा जवळजवळ टळला असता.

स्लीपिंग बॅगवरचा आकडा वाचायला शिकावे. आयएसओ २३५३७ या मानकात आरामाचे, मर्यादेचे आणि टोकाचे असे वेगवेगळे तापमान दिलेले असते, आणि टोकाचा आकडा हा झोपण्यासाठी नसतोच. हे आकडे मोठ्या माणसांवरून काढलेले आहेत. मुलांच्या बॅगांना हे मानक लागूच होत नाही. त्यामुळे मुलाच्या बॅगवर छापलेल्या आकड्यावर रात्र बेतू नये, बरेच अंश हातचे राखावेत. आणि मॅट आधी, घसरण्याची फळी नंतर.

अंदाज पाच अंशांनी खाली गेला तेव्हाच, घरी असतानाच, बेत बदलणे सर्वांत सोपे होते. मुक्काम गाडीपासून दोनशे मीटरवर केला असता तरी मुलांना तेच तळे, तोच बर्फ आणि तोच तंबू मिळाला असता. पुढच्या हिवाळ्यात दोन्ही कुटुंबांनी तसेच केले. आता त्यांच्यात आधी ठरलेला एक आकडा असतो, त्याखाली अंदाज गेला की मुक्काम रद्द, आणि दुपारच्या एका ठरावीक वेळेला सगळे हातातले काम थांबवून मोजे, मिटन, मॅट, इंधन मोजतात. मग राहायचे की नाही ते ठरते. कोणाही एका मोठ्या माणसाने निघू म्हटले तर निघायचे, त्यावर मतदान नाही.

पावणेनऊचा निर्णय बरोबर होता का, यावर त्यांचे अजून एकमत नाही. दुसऱ्या आईला वाटते की तेव्हाच निघायला हवे होते, मुलीवरची वेळ टळली असती. पहिल्या वडिलांना वाटते की अंधारात निघालो असतो तर मुलाची बोटे गेली असती. मला वडिलांचे म्हणणे जास्त पटते, पण एका अटीवर: राहायचे ठरल्यावर त्या तंबूतल्या चारही मुलांना सारखाच धोका आहे, असे मानून रात्र काढायला हवी होती.